मावशींची श्रावणबाळ पेन्शन नेमकी कुठे अडली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मावशी ७२ वर्षांच्या, गावी एकट्या राहतात. श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे गरीब ज्येष्ठांसाठीच्या राज्याच्या पेन्शनचे, पैसे काही वर्षं जिल्हा बँकेच्या खात्यात नियमित यायचे, आता बरेच महिने काहीच नाही. बँक म्हणते तहसीलकडून आले नाहीत, तहसील म्हणतं पाठवलेत. गावातल्या कुणीतरी सल्ला दिलाय की ही पेन्शन रद्द करा आणि 'लाडकी बहीण'चा फॉर्म भरा, नाहीतर श्रावणबाळचाच नवा अर्ज टाका. आणि सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड काढलं तर पेन्शनवर गदा येईल का, हीही शंका.

शेवटच्या शंकेचं उत्तर आधी देतो: येणार नाही, कार्ड जरूर काढा. आणि रद्द करण्याचा सल्ला देणाऱ्याला नमस्कार करून सोडून द्या. त्याची कारणं पुढे येतीलच.

मी तहसीलच्या संजय गांधी शाखेत (संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या पेन्शनी जिथून चालतात तिथे) अव्वल कारकून होतो. निवृत्त झाल्यावर ज्येष्ठ नागरिक संघात याच कामाला हातभार लावतो. 'पेन्शन बंद झाली' म्हणत जे येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांची मंजुरी जिवंतच असते. तुमच्या बाबतीत बँक आणि तहसील दोघेही खरं बोलत असण्याची शक्यता मला जास्त वाटते. तेव्हा प्रश्न 'पेन्शन का बंद केली' हा धरू नका. पैसे निघाले का, आणि निघाले असतील तर कुठे गेले, हा धरा.

पूर्वी काय व्हायचं ते सांगतो, म्हणजे बदल लक्षात येईल. तालुक्याला तरतूद आली की शाखेत बिल तयार व्हायचं, कोषागारातून पास व्हायचं, आणि गावनिहाय यादी बँकेला जायची. यादीत नाव आणि खाते क्रमांक. बँक त्या क्रमांकावर पैसे टाकायची. उशीर व्हायचा, कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम यायचे, पण खातं ठरलेलं असायचं. २०२४ च्या अखेरीपासून हे पैसे थेट डीबीटी (सरकारकडून सरळ लाभार्थ्याच्या खात्यात) पोर्टलवरून जाऊ लागले. आता पैसा खाते क्रमांकाच्या मागे जात नाही, आधार क्रमांकाच्या मागे जातो. रक्कम ६०० वरून २०१९ मध्ये १००० आणि जुलै २०२३ पासून १५०० झाली, त्याची बातमी घरोघर पोचली. पैशाची वाट बदलली हे मात्र अनेक म्हाताऱ्या माणसांना कुणी समजावून सांगितलंच नाही.

आधारच्या मागे जातो म्हणजे काय? एनपीसीआय नावाची संस्था एक नोंदवही ठेवते. त्यात प्रत्येक आधार क्रमांकासमोर एकाच बँकेचं नाव असतं. तुमचं आधार पाच बँकांत दिलेलं असेल, पण या वहीत सगळ्यात शेवटी जिथे जोडलं गेलं तीच बँक दिसते. सरकारी पैसा तिथेच जाऊन पडतो. म्हणून काउंटरवरच्या मुलाने 'हो, खात्याला आधार लिंक आहे' असं सांगितलं तरी काम झालं असं समजू नका. तो केवायसीबद्दल बोलत असतो. आपल्याला विचारायचंय की डीबीटीसाठी आधार सीडिंग, म्हणजे त्या वहीतली जोडणी, या बँकेत चालू आहे का. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, आणि निम्मा घोळ इथेच होतो.

आता आठवून बघा, किंवा मावशींनाच विचारा: गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांचा अंगठा कुठे कुठे घेतला गेला? नवं सिमकार्ड घेताना दुकानदाराने सोबत एखाद्या पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलं का? पोस्टमनने पोस्टाच्या बँकेचं खातं काढलं का? बचत गटाच्या बायकांबरोबर शिबिरात गेल्या होत्या का? २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीणच्या गर्दीत गावोगावी बायकांची नवी खाती उघडली गेली, त्यात वयाचा विचार न करता आज्यासुद्धा रांगेत उभ्या होत्या. अशा एखाद्या खात्यात मावशींचे सगळे महिने जमा होऊन पडलेले असू शकतात, आणि त्या खात्याचं पासबुकही घरात नसेल.

हे ओळखायची एक सोपी खूण आहे. मावशींच्या नावावर थोडीफार जमीन असेल आणि पीएम किसानचे २००० येत असतील, तर ते कुठल्या खात्यात येतात ते बघा. तो पैसाही आधारवरूनच येतो. किसानचे पैसे पोस्टात आणि पेन्शन जिल्हा बँकेत शोधताय, असं असेल तर तुमचं उत्तर तिथेच सापडलं.

खात्री करायची तर माय-आधार या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते: बँकेचं नाव, आणि जोडणी चालू आहे की बंद. त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. मोबाइल मावशींचा नसून कुठल्यातरी भाच्याचा जुना, बंद पडलेला नंबर निघाला तर आधी आधार केंद्रात नंबर बदलावा लागेल. तिथे मावशींना स्वतः नेल्याशिवाय इलाज नाही. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरी येऊन आधारची कामं करण्याची सोय आहे, तिला शुल्क लागतं. मावशी हिंडत्या-फिरत्या असतील तर केंद्रातच न्या आणि त्याच फेरीत बोटांचे ठसे नव्याने घेऊन टाका. आयुष्यभर शेतात राबलेल्या हातांचे ठसे यंत्राला दिसत नाहीत. मग पुढे बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढतानाही तीच रड.

इथून पुढचं मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि इतक्या लांबून मी छातीठोक सांगू शकत नाही. मी असतो तर आधी गावातल्या बाकीच्या लाभार्थ्यांना विचारलं असतं. त्यांचेही आले नसतील तर दोष मावशींच्या कागदात नाही, वरून तरतूदच आलेली नाही, आणि वाट बघण्यापलीकडे तुमच्या हातात काही नाही. बाकीच्यांचे आले आणि मावशींचेच नाहीत, तर मग खोदायला सुरुवात करा.

वहीत दुसरीच बँक निघाली तर दोन रस्ते आहेत. ते खातं सोयीचं असेल, म्हणजे पोस्टमन दारात येऊन पैसे देत असेल, तर तेच राहू द्या आणि आजवरचे पैसे काढून घ्या. नाहीतर जिल्हा बँकेत सीडिंगचा संमती अर्ज भरा. त्यात आधीची बँक कोणती ते लिहायचा रकाना असतो, तो कोरा सोडू नका. बदल वहीत चढायला काही दिवस लागतात. त्यामुळे लगेच दुसऱ्या दिवशी जाऊन भांडण काढू नका.

वहीत कुठलीच बँक चालू दिसत नसेल तर पोर्टलवरून निघालेले पैसे परत फिरतात. तहसीलच्या दृष्टीने 'पाठवले', बँकेच्या दृष्टीने 'आले नाहीत'. तुमच्या वर्णनाशी हा प्रकार बराच जुळतो. सीडिंग झाल्यावर अडकलेले महिने पुन्हा काढता येतात, पण ते आपोआप होतील या भरवशावर राहू नका, लेखी मागा.

तिसरा प्रकार असा की पैसे निघालेच नाहीत, कारण पोर्टलवर मावशींचं आधार पडताळून झालेलं नाही. मंजुरी आदेशावर 'गंगूबाई', आधारवर 'गंगाबाई', असली भानगड. किंवा शाखेने आधार आणि पासबुकाच्या प्रती मागवल्या तेव्हा तलाठ्याचा निरोप पोचला नाही. यात दुरुस्ती सोपी असते, फक्त कुणीतरी जाऊन कागद द्यायला हवा.

चौथा प्रकार खरा गंभीर: नाव वगळलं गेलंय. दरवर्षी लाभार्थी हयात असल्याची खातरजमा व्हावी लागते, आता ती मोबाइलवर चेहरा दाखवूनही केली जाते. मावशी त्या काळात तुमच्याकडे शहरात राहायला आल्या होत्या का? तलाठी किंवा कोतवाल घरी गेला, दाराला कुलूप, शेजाऱ्याने सांगितलं 'त्या पुण्याला भाच्याकडे असतात', की शेरा पडतो 'स्थलांतरित'. चांगल्या हेतूने म्हाताऱ्या माणसाला चार महिने शहरात आणून ठेवणाऱ्यांना ही गोष्ट कधी सुचत नाही. आणि हो, जीवन प्रमाण काढून आणलंत तर त्याच्यावर विसंबू नका. ती सरकारी नोकरीच्या किंवा ईपीएफच्या पेन्शनची व्यवस्था आहे. संजय गांधी शाखेला काय हवंय ते शाखेतच विचारा.

तहसीलला जाताना मंजुरी आदेशाची प्रत (नसेल तर जुन्या पासबुकातली पेन्शनची शेवटची नोंद), आधार, रेशनकार्ड, आणि छापून अद्ययावत केलेलं पासबुक न्या. तिथे 'पेन्शन का नाही आली' असं विचारलं तर 'येईल' एवढंच उत्तर मिळतं. माझ्याच टेबलावरून मी ते कितीदा दिलंय. त्याऐवजी अर्ज लिहून न्या आणि त्यात नेमकं मागा: 'माझं नाव श्रावणबाळ योजनेच्या चालू लाभार्थी यादीत आहे का? डीबीटी पोर्टलवर माझं आधार पडताळणी झालेलं दिसतं का? अमुक महिन्यापासूनची रक्कम कोणत्या तारखेला, कोणत्या बँकेत जमा झाली किंवा कोणत्या कारणाने परत आली? नाव वगळलं असल्यास आदेशाची प्रत द्यावी.' खाली मावशींची सही किंवा अंगठा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. याने काम हललं नाही तर हेच चार प्रश्न माहितीच्या अधिकारात टाका. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाही. तोंडी दहा चकरांपेक्षा आवक शिक्क्याचा एक कागद जास्त काम करतो, कारण त्याला उत्तर देणं कारकुनाच्या डोक्यावर बसतं.

पासबुक बघताना आणखी एक गोष्ट तपासा. मावशी दारिद्र्यरेषेच्या यादीतून, म्हणजे 'गट अ'मधून मंजूर झाल्या असतील तर त्यांचे १५०० दोन ठिकाणचे असतात: २०० केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ पेन्शनचे, १३०० राज्याचे. हे वेगवेगळ्या दिवशी पडू शकतात. कधी १३०० दिसले आणि २०० नाही, तर कुणी कापले असं समजून बँकेत आरडाओरडा नको. ८० पूर्ण झाल्यावर केंद्राचा वाटा ५०० होतो, पण राज्याचा १००० वर येतो, बेरीज तीच. ऐंशीनंतर वाढ मिळते ही गावातली समजूत महाराष्ट्रापुरती तरी हाती काही देत नाही. केंद्राचे ते २०० कित्येक वर्षांत हललेले नाहीत, हा भाग वेगळा.

आता 'लाडकी बहीण'. ती योजना २१ ते ६५ वयापर्यंत आहे. मावशी ७२ च्या. विषय संपला. शिवाय दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना १५०० मिळत असतील तर तिथे पात्रता नाही, त्यामुळे दोन्ही एकदम हाही मार्ग नाही.

पण या निमित्ताने एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्या घरात साठीच्या पुढची आणखी कुणी असेल तर उपयोगी पडेल. लाडकी बहीणला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. श्रावणबाळला २१,०००. बाई ६५ ओलांडते तेव्हा ती पहिल्यातून बाहेर पडते, आणि दुसऱ्याच्या दाराशी उभी राहते तर तिथली चौकट इतकी खाली की आत शिरायचं कसं हाच प्रश्न. २१,००० म्हणजे महिना १७५०. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. घरातल्या एकाने ६८ दिवस खड्डे खणले तरी कुटुंब मर्यादेबाहेर! पेन्शनचेच वर्षाला १८,००० होतात. हा आकडा कागदावर ठेवून खालच्या माणसांनी कसं काम करायचं? तलाठी, तहसीलदार, पेन्शन मंजूर करणाऱ्या समितीवरचे सदस्य, सगळ्यांना माहीत असतं की दाखल्यावरचं उत्पन्न हे लिहायचं म्हणून लिहिलेलं असतं. रक्कम वाढवायला निवडणूक पुरते, मर्यादा बदलायला कुणाला घाई नाही. याचा तोटा असा की खरा गरजू माणूस कायम कुणाच्या तरी मेहेरबानीवर राहतो. दाखला देणाऱ्याने मनावर घेतलं तर तो अपात्र, नाही घेतलं तर पात्र.

नवा अर्ज टाकू नका म्हणतो ते यासाठीच. मावशींची मंजुरी जुनी आहे, समितीच्या बैठकीत झालेली आहे. नवा अर्ज म्हणजे नवा उत्पन्नाचा दाखला, नवी चौकशी, 'मुलगा काय करतो' पासून सगळं पुन्हा, आणि समितीची पुढची बैठक कधी ते देवाला ठाऊक. वर एकाच आधारवर दोन नोंदी पडल्या तर जुनीही अडकण्याची भीती. मागचे अडकलेले महिने तर नव्या अर्जात मिळतच नाहीत. नाव खरोखरच वगळलं गेलं असेल, तरी आधी वगळल्याचा आदेश हातात घ्या आणि पुन्हा सुरू करण्याची मागणी करा. शेरा 'स्थलांतरित' असेल तर मावशींना समोर उभं करणं हाच पुरावा. शेरा 'उत्पन्न जास्त' असेल तर मात्र लढाई वेगळी आहे, तिथे त्या वेळचा दाखला आणि घरची खरी परिस्थिती बघितल्याशिवाय मी काही सांगणार नाही.

मावशींना काही अपंगत्व आहे का, हेही बघा. दृष्टी गेलेली, पायाने अधू, असं असेल आणि दिव्यांग म्हणून नोंद होऊ शकत असेल, तर सप्टेंबर २०२५ च्या मंत्रिमंडळ निर्णयानुसार संजय गांधी आणि श्रावणबाळ या दोन्हींतल्या दिव्यांग लाभार्थ्यांना १५०० ऐवजी २५०० आहेत. नुसतं प्रमाणपत्र घरात असून चालत नाही, शाखेतल्या नोंदीत ते लागलेलं हवं. तहसीलला जाणारच आहात तर हाही कागद बरोबर घ्या.

आयुष्मान कार्डाचं बोलतो. २९ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने ७० आणि त्यापुढच्या सगळ्यांना हे खुलं केलं, उत्पन्नाची अट न घालता. वय आधारवरून धरतात. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयात दाखल होऊन घ्यायचे उपचार यात येतात. नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर पाच लाख दोघांत मिळून. कुटुंबाचं आधीचं आयुष्मान कार्ड असलं तरी सत्तरीवाल्यांसाठी हे वेगळं जास्तीचं संरक्षण आहे. बाह्यरुग्ण तपासणी आणि मेडिकलच्या दुकानातली दरमहाची बिलं यात नाहीत, तेव्हा बीपीच्या गोळ्यांना ते उपयोगी पडेल अशी आशा मावशींना दाखवू नका. कार्ड मोबाइलवरच्या आयुष्मान अ‍ॅपमधून किंवा रुग्णालयात निघतं. पेन्शनशी त्याचा काडीचा संबंध नाही.

एसटीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ७२ च्या मावशींना अर्धं तिकीट आहे आणि ७५ पूर्ण झाले की राज्यात मोफत, २६ ऑगस्ट २०२२ पासून. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये गेली ती गेलीच, तिकीट खिडकीवर वाद घालण्यात अर्थ नाही.

दोन इशारे. या सगळ्या कामात कुणालाही पैसे द्यायची गरज नाही. तहसीलच्या आवारात 'तुमचे अडकलेले पंधरा हजार काढून देतो, पाच मला' म्हणणारे भेटतील. ते जे करतात ते म्हणजे वर सांगितलेला सीडिंगचा फॉर्म भरणं. दुसरं, मावशींच्या मोबाइलवर आलेला ओटीपी फोनवर कुणालाही सांगायचा नाही, तो 'तहसीलमधून बोलतोय' म्हणाला तरी.

तुम्ही पुण्यात आणि मावशी गावी, म्हणून कामाचा क्रम एवढा धरा: आज फोनवर गावातल्या इतर लाभार्थ्यांची चौकशी आणि सीडिंगची स्थिती, मग एका फेरीत आधार केंद्र आणि बँक, आणि त्याचा कागद हातात आल्यावरच तहसील. उलट क्रमाने गेलात तर तहसील तुम्हाला बँकेत पाठवील आणि बँक पुन्हा तहसीलला.

शाखेतून उत्तर मिळालं की त्यातले शब्द जसेच्या तसे मला कळवा. 'आधार अप्रमाणित', 'व्यवहार परत', 'अपात्र', काय लिहिलंय त्यावर पुढचा अर्ज कसा करायचा ते सांगता येईल. आधार क्रमांक आणि खाते क्रमांक मात्र त्यात लिहू नका, मला ते लागत नाहीत.